बारा जीबी कचरा

आमचा लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची. घड्याळ लावून सांगतोय. बटण दाबून अप्पा दात घासायला जायचे, मग चहा, मग देवपूजा, आणि परत येईपर्यंत स्क्रीनवरचा तो गोल फिरतच असायचा. अप्पा म्हणजे माझे वडील, व्यंकटराव, परंड्यातल्या एका शाळेचे रिटायर्ड हेडक्लार्क. चौतीस वर्षं ते लोकांना 'उद्या या' म्हणत आले. थांबायला लावणाऱ्या वस्तूवर त्यांची माया असणारच.

लॅपटॉप खरा माझा. इंजिनिअरिंगला लागलो तेव्हा घेतलेला. दुसऱ्या वर्षाला मी इंजिनिअरिंग सोडलं (सोडलं हे माझं म्हणणं, कॉलेजचं म्हणणं वेगळं आहे) पण लॅपटॉप त्याच्या आधीच, स्लो झाला म्हणून, घरी अप्पांकडं आला होता. आई वारल्यापासून, चौदा महिने, रोज सकाळी खोलीचं दार लोटून ते त्याच्यापुढं अर्धा तास बसायचे. काय करता विचारलं की "काम हाय" एवढंच. रिटायर्ड माणसाला कसलं काम? देवाचे फोटो फॉरवर्ड करत असतील, अशी माझी समजूत.

एका सकाळी समोरच्या किराणा दुकानाचे कल्याणप्पा चहाला आले होते. गोल फिरत होता. ते म्हणाले, लई वेळ घेतंय की हे. अप्पा बशीत चहा ओतत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "आमच्या घरातलं काय बी चालू व्हायला टाइमच लागतो. पोरगं बघा की, तेवीस वर्षांचं झालं."

कल्याणप्पा हसले. मीही हसलो. पण आतून पेटलो. ठरवलं, बाकी आयुष्यात काही नाही तर नाही, पण हा लॅपटॉप असा पळवीन की म्हातारा ब्रश तोंडात ठेवून पळत आला पाहिजे.

त्याच दिवशी अप्पा आणि कल्याणप्पा डोळे तपासायला कुर्डुवाडीच्या बसनं गेले, आणि मी बाह्या सरसावल्या. ब्राउझरची कॅश साफ केली. टेम्प फाइली उडवल्या. कोणी कधी टाकले ते देवाला ठाऊक, असे तीन टूलबार काढले. शेवटी रिसायकल बिन. आत नऊ जीबी माल! (हा माणूस कचरासुद्धा जपून ठेवतो, असं मी मोठ्यानं म्हणालोही. घरात ऐकायला कोणी नव्हतं.) नावं वाचली नाहीत. कचऱ्याची नावं कोण वाचतं? एम्प्टी. एकूण बारा जीबी जागा मोकळी झाली. वर हार्ड डिस्क डीफ्रॅगमेंटला लावली, म्हणजे इकडंतिकडं पसरलेलं सगळं उचलून मोकळ्या जागेत नीट रचायचं. तीन तास चाललं ते. मग बटण दाबलं. पन्नास सेकंद!

त्या आनंदात मी दोन अंडी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी बटण दाबलं आणि ब्रशवर पेस्ट घेतली. तेवढ्यात लॅपटॉप टुंग करून हजर. ते तसेच ब्रश हातात घेऊन बसले. मी दारात शाबासकीची वाट बघत उभा. बराच वेळ माऊस इकडंतिकडं फिरला.

"ह्या कचराबादलीतलं कुठाय?"

"उडवलं. कचराच होता की, अप्पा."

ब्रशवरची पेस्ट लेंग्यावर पडली. त्यांनी पुसली नाही.

"त्यात तुझी आई होती," ते म्हणाले.

आईची एक रीत होती. मोलाची वस्तू कपाटात ठेवायची नाही. बोरमाळ राखेच्या डब्यात, घराचे कागद गोवऱ्यांखाली फाटक्या पोत्यात. चोर कपाट उचकतो, राखेत कोण हात घालतंय, असं तिचं शास्त्र. शेवटच्या तीन महिन्यांत ती रोज संध्याकाळी लॅपटॉपपुढं बसून बोलायची आणि अप्पा रेकॉर्ड करायचे. औषधानं डोक्यावरचे केस गेलेले. पाव्हण्यारावळ्यांनी ते बघू नये म्हणून तिनंच सांगितलं, कचऱ्यात ठेवा. अप्पांनी ठेवलं. रोज सकाळी एक व्हिडिओ रिस्टोर करायचा, बघायचा, आणि परत डिलीट करून बादलीत झाकून ठेवायचा. हे त्यांचं काम.

मी ओरडलो. चूक माझी असली की माझा आवाज जास्त चढतो. चौतीस वर्षं फायलींना नंबर टाकले आणि बायको कचऱ्यात ठेवता, एक शब्द मला सांगता येत नव्हता का, असं बरंच बोललो.

"सांगायला तू हुतास व्हय हितं?"

नव्हतो. मी तेव्हा पुण्यात रूमवर होतो. कॉलेज सुटलंय हे घरी कळू नये म्हणून परीक्षेचं नाव सांगून झोपा काढत होतो. आलो ते शेवटच्या चार दिवसांत, तेव्हा तिचं बोलणं थांबलेलं.

दोन दिवस मी लॅपटॉपपुढून उठलो नाही. पुसलेलं परत आणणारी दोन सॉफ्टवेअरं लावली. माझ्या फर्स्ट इयरच्या नापासाच्या मार्कशिटा सगळ्या सहीसलामत परत आल्या. आईच्या जागेवर मात्र मी स्वतः बाकीच्या फाइली नीट रचून ठेवल्या होत्या. हाती लागला एकच तुकडा. एकोणीस सेकंद.

हिरवा स्कार्फ बांधलेली आई. मागं फडताळ. ती कॅमेऱ्याकडं नाही, त्याच्या मागं बसलेल्या अप्पांकडं बघतेय.

"आवो, रणधीरला ह्या मशीनला हात लावू देऊ नका. समदं पुसून मोकळा हुईल. त्याला काय बी अर्ध्यातनं सोडायची लई सवय हाय." मग ती हसते. "पण..."

तिथंच तुटतं.

अप्पांनी तो तुकडा डेस्कटॉपवर मधोमध ठेवायला लावला. आता लपवायचं नाही म्हणाले. रोज पन्नास सेकंदांत लॅपटॉप उठतो, एकोणीस सेकंदांत आई संपते, आणि म्हातारा उरलेला अर्धा तास बंद पडद्याकडं बघत बसतो. पहिल्यांदा मला वाटलं, अकरा मिनिटंच बरी होती.

आठ दिवस मी तो 'पण' कानात घेऊन फिरलो. शेवटी विचारलंच. पुढं काय म्हणाली ती? तुम्ही तर शंभरदा ऐकलंय.

अप्पांनी चष्मा काढून पुसला.

"ठाव हाय मला. सगळं पाठ हाय."

"मग सांगा की."

"तू तुझं अर्धवट पुरं कर. मंग म्या तिचं पुरं करतो."

चेष्टा करताहेत असं वाटलं. पण हेडक्लार्क माणूस, कागद पुरे झाल्याशिवाय दाखला द्यायचा नाही हे रक्तातच. काल कॉलेजच्या साइटवरून परत ॲडमिशनचा फॉर्म डाउनलोड केला. लॅपटॉप इतका फास्ट झालाय, की माझे राहिलेले नऊ विषय एका सेकंदात डोळ्यांपुढं आले.