भिंतीची पूर्व बाजू

सोमवारपर्यंत विषय ठरला नाही, तर प्यो इनसोकचं नाव पीएच.डी.तून कटणार होतं. सोलमध्ये समकालीन इतिहासात डॉक्टरेट करणाऱ्यांचं पीक असं काही फोफावलं होतं, की देशात जितकं घडलं त्याहून प्रबंध जास्त झाले होते. सत्तरच्या दशकातल्या ग्रामसुधार चळवळीची छपरं इतरांच्या प्रबंधांत गेली, विहिरी गेल्या, शेणखतसुद्धा गेलं. शेवटी इनसोकच्या हाती एका खेड्यातली सिमेंटची भिंत लागली. तिचीही पश्चिम बाजू एका मुलीनं आधीच पटकावलेली.

"मग पूर्व बाजू घे," त्याचे मार्गदर्शक मा सर म्हणाले. "पण कुक आजोबांच्या तोंडून काहीतरी नवीन आण. नाहीतर घरचा रस्ता धर."

कुक आजोबा म्हणजे त्या भिंतीचे एकमेव हयात साक्षीदार. मा सरांची स्वतःची डॉक्टरेटही त्यांच्याच आठवणींवर उभी होती. इनसोक रिवाजाप्रमाणे नासपतीची पेटी घेऊन गेला. ओसरीवर तसल्याच पेट्यांची चळत होती, आणि आजोबा एका जाडजूड प्रबंधावर गरम पातेलं टेकवून नूडल्स ओरपत होते.

"ये पोरा. छप्पर, विहीर की भिंत?"

"भिंत. पूर्व बाजू."

"बरं. तर त्या हिवाळ्यात आम्ही बर्फ फोडून..."

"आजोबा, हे मा सरांच्या प्रबंधात आहे."

"असेल की. त्यावरूनच पाठ केलंय. छान लिहितो हो तो!"

इनसोक रडकुंडीला आला. "पाया पडतो, आजोबा, कुणालाच न सांगितलेलं सांगा काहीतरी! भिंत बांधली तेव्हा तुम्ही नेमके कुठे उभे होता?"

"बुसानला."

"अं?"

"गोदीत हमाली करत होतो. इथं राहायला आलो, तेव्हा भिंतीला शेवाळ धरलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू कुठे होतास, असं कुणी विचारलंच नाही. जो तो येतो, हातात नासपती ठेवतो आणि विचारतो, 'त्या वेळी काय वाटलं?' आता एवढ्या लांबून आलेल्या लेकरांना नाही कसं म्हणायचं?"

इनसोकला आनंदानं नाचावंसं वाटलं. शोध लागला होता, अगदी खराखुरा! अंगणात धावत जाऊन त्यानं सरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"इनसोक," सर कधी नव्हे इतक्या मायेनं म्हणाले, "विषय मंजूर. आणि हे बघ, म्हाताऱ्या माणसाला भलतंसलतं विचारू नये."

इनसोक मुकाट्यानं ओसरीवर परतला. रेकॉर्डर सुरू केला आणि पेटी पुढे सरकवली.

"आजोबा, त्या वेळी काय वाटलं?"

"थंडी फार होती रे," आजोबांनी नासपती सोलायला घेतली. "त्यातून पूर्वेकडे तर जास्तच."