लाल झाड डावीकडे

"त्या पार्कातलं पान न् पान मला ओळखतं!" असं म्हणून वेंडेल क्रात्झनं कॉफीचा मग टेबलावर असा आपटला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या बशीतलं अंडं दचकलं!

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. चौतीस वर्षं वेंडेलनं या खोऱ्यात टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी स्टेट पार्कच्या पायवाटा तुडवल्या. चुकलं एवढंच, की मागच्या टेबलावर नेमकी पार्काची रेंजर टॅमी बसली होती. शनिवारी पानांचे रंग दाखवायची सहल आणि गाइड त्याच सकाळी ओल्या पानांवरून घसरून पाय मुरगळून घरी बसलेला. टॅमीला वेंडेल म्हणजे देवदूतच वाटला.

"वेंडेल, शनिवारी सहल तुम्हीच न्यायची! दोन तासांचं काम. कुठलं झाड लाल, कुठलं पिवळं, कुठलं केशरी, एवढंच सांगायचं."

वेंडेलच्या घशात टोस्ट अडकला. कारण वेंडेलला लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मापासून कळत नव्हता! लाल, हिरवा, तपकिरी, त्याच्या लेखी सगळे एकाच उकडलेल्या बटाट्याचे सख्खे भाऊ. ही गोष्ट साऱ्या जगात फक्त त्याच्या थोरल्या बहिणीला, इर्माला ठाऊक होती.

तो नाही म्हणणार, तेवढ्यात ज्यांचं अंडं दचकलं होतं त्या बाई वळल्या. त्या होत्या लोर्ना हॅफनर. वसंतात गावात राहायला आलेल्या, एकट्या, निवृत्त गणिताच्या शिक्षिका. त्यांच्यापायी वेंडेल हल्ली दिवसातून दोनदा भांग पाडायचा. सात वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून तो आठवड्यातून दोनदा पाडत असे.

"तुम्ही नेणार असाल तर माझं नाव लिहा," त्या म्हणाल्या.

"नेणार म्हणजे काय! डोळे मिटून नेईन!" वेंडेल म्हणाला. आयुष्यात इतकं खरं तो क्वचितच बोलला असेल.

इर्मानं ऐकून कपाळावर हात मारला. "वेंड्या, गाढवा! आईच्या दफनाला तू हिरवे मोजे घालून आला होतास, ते विसरलास?"

"हे बघ, मी पोस्टमन आहे. मला रंग कशाला लागतात? मला पत्ते लागतात! तू झाडं सांग, मी लिहून घेतो."

शुक्रवारी दोघं अख्खी वाट फिरले. इर्मा काठीनं झाड दाखवायची, वेंडेल कार्डावर लिहायचा. 'पुलापासून तिसरं, डावीकडे: लाल. बाकामागचं: पिवळं. मोठ्या खडकानंतर उजवीकडे जोडी: एक केशरी, एक अजून हिरवं.' पुलापासून शेवटच्या वळणापर्यंत सव्वीस पत्ते! कार्ड त्यानं टोपीच्या आत चिकटवलं. परीक्षेची तयारी झाली.

शनिवारी पार्काच्या फाटकाशी चौदा माणसं जमली. लोर्नाबाई पुढेच होत्या, गळ्यात दुर्बीण अडकवून. टॅमी धावत आली.

"वेंडेल, छोटासा बदल! पुलाची फळी निखळलीये, दुपारपर्यंत बसवतील. तुम्ही उलट्या बाजूनं सुरुवात करा, येताना पुलावरून या. तुम्हाला काय, पान न् पान ओळखतं!"

वेंडेलनं टोपी डोक्यावर दाबली. उलट्या बाजूनं! म्हणजे डावं ते उजवं, शेवटचं ते पहिलं आणि पुलापासून तिसरं ते… देव जाणे कुठलं!

पहिल्या झाडापाशी त्यानं टोपी काढली, आत डोकावला, मनातल्या मनात डावं-उजवं उलटं केलं आणि हात फेकून गर्जला, "बघा हा मेपल! कसा रक्तासारखा लालबुंद पेटलाय!"

सगळ्यांनी बघितलं. मेपल हिरवागार होता. जून महिन्यात असतो तसा.

"मला हिरवा दिसतोय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"घाईनं बघितलं तर हिरवाच दिसतो!" वेंडेल म्हणाला. माघार घेईल तो पोस्टमन कसला! "लाली आतून येतेय. जरा थांबून बघा."

माणसं थांबून बघू लागली. निळं जाकीट घातलेली एक बाई तर मान तिरकी करून म्हणाली, "हो बाई, शेंड्याला जराशी झाक आहे खरी!"

दुसऱ्या झाडाशी पुन्हा टोपी निघाली. वेंडेल झाडापुढे टोपी काढून क्षणभर मान खाली घालतो हे पाहून लोकांना वाटलं, ही इथली रीत असावी. तिसऱ्या झाडाशी पाच जणांनी टोप्या काढल्या. चौथ्याशी सगळ्यांनी! येणारीजाणारी माणसं वाटेच्या कडेला गंभीर होऊन उभी राहायला लागली. त्यांना वाटलं, कुणाची तरी अंत्ययात्रा आहे.

आणि वेंडेलची गाडी भरधाव सुटली. पिवळ्याला केशरी, हिरव्याला पिवळं. वठलेल्या बीचच्या झाडाला तर त्यानं कार्डावरून मान वर न करताच 'खोऱ्यातला सर्वांत रसरशीत शेंदरी' म्हटलं. त्या बीचवर एकही पान नव्हतं!

तिथंच घोटाळा झाला. क्लॅरेन्स ओबर्न नावाचे एक आजोबा मटकन ओंडक्यावर बसले.

"डॉट!" त्यांनी बायकोला हाक मारली. "मला एकही शेंदरी पान दिसत नाही गं! मघाचा लाल हिरवा दिसला, केशरी पिवळा दिसला, आता पानंच गेली! दोन आठवड्यांपूर्वी मोतीबिंदू काढला त्या डॉक्टरनं कसलं भिंग बसवलं माझ्या डोळ्यात?"

"घाबरू नका हो," डॉटबाई म्हणाल्या. "मला पण दिसत नाहीयेत."

"तुला? तुझं ऑपरेशन तर पुढच्या मंगळवारी आहे!"

"मग मी नाहीच करून घेत ते!" डॉटबाईंनी फोन काढला. "आत्ताच्या आत्ता रद्द करते!"

क्लॅरेन्सच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते पुसत म्हणाले, "बघ, आता गळायला पण लागलं!"

वेंडेलला अजूनही सुटता आलं असतं. ऊन, सावली, धुकं, काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. लोर्नाबाई समोरच उभ्या होत्या, त्यांच्यादेखत तोंड काळं करून घ्यायचं म्हणजे जिवावर आलं होतं. पण म्हातारा खरोखर रडत होता आणि म्हातारी नंबर लावत होती. पत्र चुकीच्या घरात टाकलं तर पोस्टमननं स्वतः जाऊन परत आणायचं असतं. वेंडेलनं टोपी काढली आणि या वेळी आतलं कार्ड सगळ्यांना दाखवलं.

"बाई, फोन ठेवा. आजोबा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. बिघडलेले माझे आहेत. मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून!"

एक खार झाडावरून उतरली, गर्दीकडे बघून परत चढली.

"म्हणजे…" निळ्या जाकिटाची बाई म्हणाली, "ती शेंड्याची झाक?"

"ती तुमची तुम्हीच आणलीत, बाई."

आणि पहिल्यांदा हसले ते क्लॅरेन्स आजोबा. असे हसले, की ओंडक्यावरून मागे पडले. त्यांना उचलता उचलता बाकीचे तेराही हसत सुटले.

लोर्नाबाई पुढे आल्या. "मला तिसऱ्या झाडालाच कळलं होतं. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. कॉपी करणारा मुलगा मला पाठमोरासुद्धा ओळखू येतो!"

"मग बोलला का नाहीत?"

"पुढचं उत्तर काय देताय ते ऐकायचं होतं. बरं, आता टोपी घाला आणि तुम्हाला जे दिसतं ते दाखवा."

वेंडेलनं घाबरत घाबरत सुरुवात केली. सोललेल्या सालीचा हिकरी वृक्ष दाखवला. सुतारपक्ष्यानं पाडलेली भोकं हातानं चाचपायला लावली. सगळ्यांना डोळे मिटायला सांगून ओकच्या पानांत आणि मेपलच्या पानांत चालल्याचा आवाज वेगळा कसा ते ऐकवलं. क्लॅरेन्स आजोबा तर पानांतून चार वेळा जाऊन आले. दोन तासांची सहल साडेतीन तास चालली आणि पुलावरून परतताना चौदा माणसं गाइडशी हस्तांदोलन करायला रांगेत उभी राहिली. वेंडेलची छाती जाकिटात मावेना.

गर्दी पांगली. लोर्नाबाई मात्र रेंगाळत होत्या.

"वेंडेल, तुम्ही खरं बोललात, तर मीही खरं सांगून टाकते."

वेंडेलनं टोपी काढून हळूच भांगावरून हात फिरवला. "बोला ना!"

"मला पानाबिनांत काडीचा रस नाही. मी आले ते सहलीनंतर गरम सफरचंदाचा रस आणि डोनट देतात म्हणून. आणि तुमच्यामुळे इतका उशीर झाला, की सगळं संपलं!"

खरंच, टॅमी टेबल पुसत होती. वेंडेलचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "त्यात काय! गावापलीकडे सफरचंदाच्या एका बागेत याहून चांगले डोनट मिळतात. कढईतून काढलेले, वरून दालचिनी-साखर! चला, माझ्या गाडीतून दहा मिनिटांत नेतो!"

"खरंच नेता?" लोर्नाबाईंचा चेहरा खुलला. त्या त्याच्याबरोबर गाडीपर्यंत आल्या, त्यानं अदबीनं उघडलेल्या दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि तळहात पुढे केला.

"किल्ली द्या."

"अहो, पण चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी!"

"असेल. पण वाटेत तीन सिग्नल आहेत."

"लाल वर असतो, हिरवा खाली! मला पाठ आहे!"

"वेंडेल," लोर्नाबाई म्हणाल्या, "तुमचं पाठांतर सकाळपासून बघतेय मी."

वेंडेलनं मुकाट्यानं किल्ली दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला.