लिंबू, लवंग आणि विहीणबाई

"या घरात रसायनाचा एक थेंब येणार नाही!" जयवंतराव तावड्यांनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. "ना कॉइल, ना लिक्विड, ना ती चटचट वाजणारी बॅट. नैसर्गिक उपायांनी डास हटवून दाखवतो. आपल्या आजोबा-पणजोबांकडे काय होतं?"

"मच्छरदाणी होती," त्यांची बायको बकुळा म्हणाली, आणि स्टुलावर चढून माळ्यावरची जुनी मच्छरदाणी काढू लागली.

"मच्छरदाणी म्हणजे शरणागती! शत्रूला मोकळं सोडायचं आणि आपणच पिंजऱ्यात बसायचं!"

"बरं. स्टूल धरा."

जयवंतरावांनी स्टूल धरलं.

आता एवढं युद्ध पेटायचं कारण सांगायला हवं. काळाचौकीच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, तावड्यांची लेक, नाव पूर्वी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नातीचं बारसं नुकतंच झालं होतं. रीतीप्रमाणे सव्वा महिना लेक आणि बाळ माहेरीच राहायचे. जावई बोटीवर, म्हणजे घाई करणारं कोणी नाही. कॉटन ग्रीनच्या गोदामातली नोकरी संपल्यापासून जयवंतरावांचं बोलणं घरात कोणी पुरतं ऐकून घेत नसे. ही नात मात्र डोळे मोठे करून सगळं ऐकायची, मध्येच तोडायची नाही. माणूस वेडा झाला होता हो तिच्यापायी! तिला उचलताना त्यांचा आवाजसुद्धा मऊ व्हायचा.

आणि त्यातच शेजारची चाळ पाडून तिथे खड्डा खणला गेला. खड्ड्यात पाणी साठलं, पाण्यात डास झाले, डास वर आले, आणि त्यांतला एक नातीच्या गालावर बसला. नेमक्या त्याच दिवशी लेकीच्या सासूबाई, सीमाताई, बाळाला बघायला आल्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, पण दादरला सातव्या मजल्यावर राहायला गेल्यापासून वेंगुर्ल्याला ओळख देत नव्हत्या.

"हे काय आहे गालावर?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "आमच्याकडे सातव्या मजल्यावर डासच नाहीत. मी शनिवारी येते, जयवंतराव. आणखी एक जरी फोड दिसला ना, तर बाळाला नि पूर्वीला घेऊन जाणार."

झालं! त्या रात्री जयवंतराव जेवले नाहीत. म्हणजे, दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

डॉक्टरांनी बाळाजवळ धूर नको म्हणून बजावलं होतं. म्हणून जयवंतरावांनी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी खोलीत न करता बाहेर गॅलरीत केली. पाला ओला होता. धूर असा झाला की पलीकडच्या बिल्डिंगमधून कोणीतरी अग्निशमन दलाला फोन लावला, गंगुबाईंचे वाळत घातलेले कुळथाचे सांडगे कडू झाले, आणि डास काय ते तेवढे ताजेतवाने दिसत होते. गंगुबाई म्हणजे समोरच्या खोलीतल्या, वयाने चाळीत सर्वांत मोठ्या, आवाजानेही.

"जयवंता," त्या म्हणाल्या, "परत काय करशीत तर बघ! माज्याशी गाठ आसा."

म्हणून पुढचा उपाय गुपचूप करायचा ठरला. मोबाईलवर रात्रंदिवस अभ्यास चाललाच होता. लिंबू अर्धं कापून त्यात लवंगा खोचायच्या, वासाने डास पळतो. झेंडूच्या फुलाला डास घाबरतो. कापराची वडी ठेवली तर फिरकत नाही. प्रत्येक उपाय वेगवेगळा सांगितला होता. पण जयवंतराव गोदामात वाढलेले, माल एकत्र बांधायची सवय. त्यांनी चारही उपायांची... बरोबर, लिंबू आणि लवंग धरून चार, एकच पुडी केली.

शिवाय त्यांचा एक सिद्धांत होता. आपल्या दारातून हाकललेला डास शेजारी जातो आणि संध्याकाळी परत येतो. तेव्हा सगळ्या मजल्याचा बंदोबस्त हवा.

शनिवारी दुपारी चाळ जेवून आडवी झाली. जयवंतराव अनवाणी बाहेर पडले आणि एकेका उंबरठ्यावर अर्धं लिंबू, त्यात खोचलेल्या लवंगा, बाजूला झेंडूचं फूल आणि वर कापूर असं मांडत गेले. सुंदर दिसत होतं. शेवटी स्वतःच्या दाराशी आले तर लिंबू संपलं.

"बकुळा, एक लिंबू होतं ना गं ओट्यावर?"

"पोह्यांवर पिळलं. का?"

"काही नाही," जयवंतराव म्हणाले आणि समाधानाने पडले.

त्यांनी मोबाईलवर सगळं बघितलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं बघितलं नव्हतं. त्या दिवशी अमावास्या होती.

पहिली किंकाळी गंगुबाईंची.

"अरे देवा! अवसेच्या दिसाक माज्या उंबऱ्यार ह्या कोणी ठेवल्यान?"

धडाधड दारं उघडली. प्रत्येक दारात तेच. जो तो आपल्या उंबरठ्याच्या आत पाय आखडून उभा. पलीकडे कोणी यायला तयार नाही. शेवटच्या खोलीतल्या हितेंद्रला कामावर जायचं होतं. त्याने आतूनच ऑफिसला फोन लावला, "सर, आज जमणार नाही. बाहेर लिंबू आहे." सरही बहुधा कोकणातले असावेत. सुट्टी लगेच मिळाली.

जयवंतराव उठून बाहेर आले. सगळ्या मजल्यावर त्यांचंच एक दार स्वच्छ होतं. सगळ्या मजल्याने ते पाहिलं.

"तुज्याकडे कसा नाय रे?" गंगुबाईंनी विचारलं.

जयवंतरावांनी मनात हिशेब केला. खरं सांगावं तर आत्ता भांडण, आणि विहीणबाई कुठल्याही क्षणी येणार. भांडणाऱ्या चाळीत त्या बाळाला मिनिटभर ठेवायच्या नाहीत.

"होतं ना," ते म्हणाले. "होतं. मी उचलून टाकलं."

"हातान?" गंगुबाईंनी छातीवर हात ठेवला. "अरे मेल्या, घरात बाळ-बाळंतीण! म्हणजे सगळा त्या बाळाच्या वायटावर! आमी नुसते वाटेत इलो!"

बकुळा दारात उभी राहून हे ऐकत होती. तिने एक लिंबू पाहिलं, लवंगा पाहिल्या, मग आत जाऊन लवंगांची रिकामी बरणी पाहिली आणि परत येऊन नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही आता तोंड उघडू नका," ती हळूच म्हणाली.

तळमजल्यावरून धोंडूभाऊंना बोलावणं गेलं. गणपतीत चाळीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते नारळ घेऊनच आले. आणि त्यांच्या मागोमाग, जिना चढून धापा टाकत, हातात बाळाचं झबलं घेऊन सीमाताई.

त्यांना काय झालंय ते सांगायला सात-आठ जण एकदम पुढे झाले. पुढे म्हणजे उंबरठ्यापर्यंत. ऐकून सीमाताईंचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज सातव्या मजल्याचाच होता.

"मी असल्या गोष्टी मानत नाही. पण बाळ इथे राहणार नाही. पूर्वी, सामान भर. मी टॅक्सी बोलावते."

जयवंतरावांनी आत पाहिलं. आतल्या खोलीत मच्छरदाणीत नात झोपली होती, दोन्ही मुठी वळून. आज गेली तर परत कधी येणार? बकुळेचं सांगणं त्यांनी तिथेच सोडून दिलं.

"थांबा! ते मी ठेवलंय! सगळीकडे मीच! डासांसाठी!"

मग गंगुबाईंनी पदराने डोळे टिपले.

"बघलास? नातीसाठी सगळा आपल्या डोक्यार घेता. कसो माणूस आसा हो!"

"अहो खरंच, काकी! लवंगेच्या वासाने डास—"

"गप रवा, जयवंतराव," धोंडूभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "डासासाठी कोण लवंग लावता? इतको खुळो माणूस ह्या चाळीत नाय."



धोंडूभाऊंनी नारळ हातात धरला. "करणी करणाराचो डाव एकच आसा. बाळाक ह्या घरातसून भायर काढूचा. तेवा सगळ्यांनी हात जोडा." आणि त्यांनी सूर लावला, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मजला गरजला.

"आज ही तुजी लेकरा तुज्याकडे गाऱ्हाणा घालतत, ता आयकून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जेणी कोणी ह्या केला, तेका अद्दल घडव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," जयवंतरावही म्हणाले. न म्हणून करतात काय?

"आणि जो कोण ह्या बाळाक सव्वा महिन्याआधी ह्या घरातसून हलवूक बघता, तेचा तोंड तू सुजव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज सीमाताईंचा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, झबलं काखेत. म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या एकदम खाली बसल्या.

मग गंगुबाईंनी शेगडी पेटवून सगळी लिंबं, फुलं आणि मूठभर सुक्या मिरच्या तिच्यात टाकल्या. बकुळेने त्याआधीच आतल्या खोलीचं दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबला होता, म्हणून बाळाला खोकला शिवला नाही. बाहेरच्यांनी खोकून खोकून चाळ हलवली. डाससुद्धा तेवढ्यापुरते खड्ड्याकडे गेले.

"आता सकाळपर्यंत हय असलेल्यांनी उंबरो ओलांडूचो नाय," जाताना धोंडूभाऊ म्हणाले.

"माका दादराक जावचा आसा हो!" सीमाताई कळवळून म्हणाल्या. वेंगुर्ल्याने त्यांना बरोब्बर ओळखलं होतं.

पण गेल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत त्यांना गादी घातली. मिरचीचा ठसका जावा म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या.

सकाळी सीमाताई उठून गॅलरीत आल्या आणि गंगुबाईंच्या हातातली कळशी निसटली. विहीणबाईंचा एक डोळा पुरता मिटला होता, वरचा ओठ पुढे आला होता आणि गाल असे टम्म की चष्मा बसेना.

"तोंड सुजला!" गंगुबाई पुटपुटल्या. "गाऱ्हाणा लागला!"

सीमाताई आत गेल्या, एका डोळ्याने बाळाला नीट पाहिलं. गाल, हात, पाय. एक फोड नाही! त्यांनी मुकाट्याने पर्स उचलली.

"व्याही," सुजलेल्या ओठांतून त्या म्हणाल्या, "राहू दे हो बाळ इथेच. सव्वा महिना काय, तुम्हाला हवं तेवढं राहू दे. माझं काही म्हणणं नाही."

"विहीणबाई, अहो, ते डास—" जयवंतरावांनी सुरुवात केली. बकुळेने त्यांच्या पायावर पाय दिला. सीमाताई जिना उतरून गेल्यासुद्धा.

जयवंतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी नातीच्या कपाळाला हात लावला आणि हळूहळू मान ताठ केली.

"बघितलंस? शेवटी नैसर्गिक उपायच कामी आला की नाही?"

बकुळेने मच्छरदाणीच्या दोऱ्या सोडल्या आणि दोन टोकं त्यांच्या हातात दिली.

"धरा. घडी घालायची आहे."

जयवंतरावांनी टोकं धरली. तेवढ्यात एक डास आला आणि त्यांच्या नाकावर निवांत बसला. दोन्ही हात गुंतलेले होते.