ढेकळं दाबणारे रंगोपंत

पोलोचा सामना बघायला जाऊन घोड्यांकडे ढुंकूनही न बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे हैदराबादेतल्या काचीगुड्याचे शेजारी, रंगोपंत. कोण जिंकलं म्हणून विचाराल तर सांगता यायचं नाही. कोणाचा घोडा चांगला पळाला, ठाऊक नाही. पण मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात किती ढेकळं उखडली ते बसल्या जागी सांगतील. "आज उत्तरेच्या खांबांपाशी फार नुकसान झालं, मास्तर," असं ते घरचं कोणी आजारी असल्यासारखं सांगायचे, आणि मला हसू आवरायचं नाही.

त्याचं असं आहे. पोलोत घोडे धावतात आणि टापांनी हिरवळ उखडते. खेळाच्या फेऱ्यांना आमच्याकडे चक्कर म्हणत. निम्म्या चकरा झाल्या की सुट्टी व्हायची. त्या सुट्टीत बघ्यांनी मैदानात उतरायचं आणि उखडलेली ढेकळं पायानं दाबून परत बसवायची, अशी रीत. नवाब, साहेबलोक आणि त्यांच्या मडमा गंमत म्हणून दोनचार ढेकळं दाबून सरबताकडे वळायचे. रंगोपंत मात्र दर शनिवारी शेरवानी चढवून काचीगुड्याहून पायी जायचे ते त्या पाच मिनिटांसाठीच. चांभाराकडून त्यांनी बिनटाचेचे सपाट जोडे मुद्दाम शिवून घेतले होते. "टाच रुतते हो. चवडा टेकवायचा, आणि तोही हलका. जमिनीला कळता कामा नये की कोणी दाबतंय म्हणून." हे ज्ञान मी न विचारता त्यांनी मला निदान पन्नास वेळा दिलं असेल.

ही खोड घरीही सुटायची नाही. काकूंनी आळूचा वाफा खुरपून भुसभुशीत केला की पंत येताजाता तो दाबून सपाट करायचे. "अहो, आळू आहे ते, पोलो नाही," काकू ओरडायच्या. "माफी असावी," पंत म्हणायचे. बायकोची अशी माफी मागणारा दुसरा पुरुष आमच्या गल्लीत नव्हता. निजामाच्या अदालतीत तीस वर्षं पेशकारी, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद मांडायची नोकरी, केलेली, उर्दू कागद आणि उर्दू अदब अंगात भिनलेली. मराठी बोलतानाही दर वाक्याला 'हौ' आणि 'जरूर'. अरेतुरे तर त्यांच्या तोंडी मी कधी ऐकलंच नाही. दारात आडव्या पडलेल्या कुत्र्यालाही ते म्हणायचे, "तुम्ही जरा बाजूला होता का?" आणि कुत्रंही व्हायचं.

मी तेव्हा पंचविशीतला शाळामास्तर. डोक्यावर खादीची टोपी, खिशात चळवळीची पत्रकं, आणि नाकावर राग. पोलो म्हणजे नवाबी थेरं, आणि पंत म्हणजे त्या थेरांपुढे मान तुकवणारा जुना नोकर, असा माझा हिशेब होता. तो मी त्यांना ऐकवायचोही. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हौ, बरोबर आहे तुमचं. एकदा चला मात्र."

एकदा गेलो. देश स्वतंत्र झाला होता, आमचं हैदराबाद मात्र मधल्यामध्ये लोंबकळत होतं आणि रझाकारांची दांडगाई वाढत चालली होती. अशा दिवसांत पोलो बघायला जायचं मला जिवावर आलं होतं, पण पंतांनी फारच गळ घातली. मैदानावर खुर्च्यांच्या रांगा होत्या. त्या आमच्यासाठी नव्हेत. आम्ही दोरीपाशी उभे. घोडे अंगावर येतात की काय असं वाटावं इतके जवळून गेले, आणि खरं सांगतो, मला मजा आली. मी ते पंतांना कळू दिलं नाही.

सुट्टी झाली. पंतांनी शेरवानीच्या खिशातून काकूंच्या लिंबाच्या लोणच्याची लहान बरणी काढून हातात घेतली आणि ते दोरीखालून मैदानात शिरले. समोरून एक वृद्ध गृहस्थ येत होते. रूमी टोपी, काळी शेरवानी, हातात काठी, एक गुडघा दुखरा. दोघांनी एकमेकांना आदाब केला, बरणी या हातातून त्या हातात गेली, त्या हातातून खजुरांनी भरलेली मागच्या शनिवारची बरणी या हातात आली, आणि दोघे शेजारी शेजारी ढेकळं दाबायला लागले. मी बघतच राहिलो. पंत मैदानावर का येतात ते मला तेव्हा कळलं.

बोलणं अगदी थोडं. मुलाच्या परीक्षेचं काय झालं, कलमाला आंबे लागले का, गुडघ्याला कुठलं तेल लावता. मागच्या शनिवारी जिथं सोडलं तिथून पुढं. त्या दिवशी गृहस्थ म्हणाले, "पंतजी, घर में बुखार नहीं उतर रहा. दस रोज हो गए." 'घर में' म्हणजे त्यांच्या बायकोला. पंतांनी काढा सांगितला, पथ्य सांगितलं, आणि घंटा झाली. "अगले शनिवार बताइए, हज़रत," पंत म्हणाले. "ज़रूर, ज़रूर," म्हणत ते काठी टेकत परत गेले.

येताना मी विचारलं, "कोण हे? नाव काय त्यांचं?"

पंत थबकले. "नाव नाही माहीत."

"किती वर्षांची ओळख?"

"झाली की वीस."

"आणि नाव नाही माहीत? राहतात कुठं?"

"मास्तर, पहिल्या दिवशी विचारायचं राहिलं. मग त्यांनीही विचारलं नाही. आता वीस वर्षांनी नाव विचारायचं म्हणजे अगदीच परकेपणा. त्यांना काय वाटेल?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या शनिवारी पोलो झाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शहराचं वातावरण इतकं बिघडलं की खेळाचं नाव कोण काढतो? पंत तरीही मैदानावर जायचे, दोरीच्या जागी उभे राहायचे आणि परत यायचे. "ताप उतरला की नाही ते कळलं नाही," एवढंच म्हणायचे. मग पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद हिंदुस्थानात आलं, आम्ही गल्लीत पेढे वाटले. पंतांनी पेढा घेतला, डोळ्यांना लावला आणि मला विचारलं, "मास्तर, तुमची चळवळीतली माणसं सगळीकडे फिरतात. गुडघा दुखणारे, खजूर आवडणारे एक गृहस्थ आहेत, असं कुठं विचारता येईल का?" मी हसलो. गल्लीभर ते सांगून सगळ्यांना हसवलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला आजही लाज वाटते.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. दुपारी मी दारात उभा होतो. गल्लीच्या तोंडाशी एक झटका, म्हणजे आमच्याकडचा लहान टांगा, येऊन थांबला. त्यातून तेच गृहस्थ उतरले, काठी टेकत उन्हातून माझ्यापर्यंत आले. मी त्यांना बघताक्षणी ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. बहुधा उन्हातून आल्यामुळं.

"माफ़ कीजिए," ते म्हणाले, "यहाँ कोई पंतजी रहते हैं? अदालत में थे. घर से रेल की सीटी सुनाई देती है, आँगन में अरबी के पत्ते हैं." वीस वर्षांच्या पाच-पाच मिनिटांतून त्यांनी एवढा पत्ता, काकूंच्या आळूच्या पानांसकट, गोळा केला होता. आमच्या पंतांना तेवढंही जमलं नव्हतं.

रझाकारांनी माझ्या मावसभावाचा हात मोडला होता. त्या रूमी टोपीकडे बघून माझ्या डोक्यात तो राग उसळला. या माणसानं कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तीन घरं पलीकडे पंतांच्या खडावांचा आवाजही मला ऐकू येत होता. आणि मी म्हटलं, "ऐसा कोई नहीं रहता यहाँ."

"तकलीफ़ दी आपको," असं म्हणून ते वळले. झटका स्टेशनकडे गेला.

पंतांना मी हे सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत आठ वर्षं गेली. नोकरी सुटलेले, उर्दूची जागा इंग्रजीनं घेतल्यावर कोणी विचारेनासे झालेले पंत दर शनिवारी जोडे घालून जात राहिले. मैदानावर कधी सभा, कधी कवायत. मांडवाचे खांब उपटल्यावर राहिलेले खड्डे ते पायानं दाबत फिरायचे. लोक त्यांना वेडे म्हणायला लागले. मी त्या लोकांना गप्प करायचो आणि स्वतःही गप्प बसायचो.

मग भाषेप्रमाणे राज्यं झाली, आणि माझी बदली औरंगाबादला झाली. सामान बांधलं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला पंतांकडे गेलो आणि दारातच सगळं सांगून टाकलं. बसलोसुद्धा नाही.

पंत रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "झटक्यात सामान होतं?"

"होतं. ट्रंका होत्या. वळकटी होती."

"म्हणजे चालले होते कुठंतरी. निरोप घ्यायला आले होते." मग म्हणाले, "एकटेच होते?"

"नाही. बुरख्यातल्या एक बाई होत्या आत."

"बसल्या होत्या की आडव्या?"

मला ते लख्ख आठवत होतं. "बसल्या होत्या, पंत. मांडीवर डबा घेऊन पान लावत होत्या."

पंतांनी डोळे मिटले. "पान लावत होत्या," ते हळू म्हणाले. "तापातल्या माणसाला पान जात नाही. म्हणजे उतरला ताप. आठ वर्षं मला वाटतंय, दोघंही गेली. एवढं तरी सांगायला हवं होतं तुम्ही, मास्तर."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं.

"भर उन्हात आले होते म्हणता," ते म्हणाले. "पाणी तरी विचारलंत त्यांना?"

"नाही," मी म्हटलं.

पंतांनी मान हलवली. मग आत वळून काकूंना म्हणाले, "मास्तर आलेत. पाणी आणता का जरा?"

काकूंनी पाणी आणलं. पंत समोर उभे होते, आणि मला ते प्यावं लागलं.