मागं बसून बघणारे तात्या

जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक बारकी दांडी असते. ती हँडब्रेक असावी असं समजून मी ती ओढली. ती दांडी चारही चाकं एकदम फिरवण्यासाठी असते आणि मधल्या खुणेवर आली की गाडी कुणाचंच ऐकत नाही, हे मला जुन्या गाड्या विकणाऱ्या एजंटानं नंतर सांगितलं. नंतर म्हणजे कॅनॉलच्या चढावरून उलटी घरंगळत जीप शेजारच्या उसात जाऊन थांबल्यावर.

एजंट धावत आला. त्यानं आधी जीप बघितली, मग ऊस, मग मला. मागच्या सीटवर सोपानतात्या बसले होते. मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या. त्यांनी तांब्यात डोकावून बघितलं, धोतराचा ओला भाग पिळला आणि शांतपणे म्हणाले, "उसात जाताना कमी सांडलं. रस्त्यावर जास्त सांडत व्हतं."

तात्या हे माझ्या बायकोचे चुलते. अंथुर्ण्यापासून बरंच आत, काळ्या रानात त्यांची वस्ती आहे. तिथं ते आणि हौसाकाकी, दोघंच. उसाच्या ट्रॉल्यांनी त्या वाटेला अशा चाकोऱ्या पाडल्यात की पावसाळ्यात तिथून ट्रॅक्टर तेवढा जातो. बाकी जे जातं ते तिथंच राहतं. म्हणून पाऊस लागायच्या आत स्वस्तातली, जुनी, चारही चाकांनी ओढणारी आणि बारक्या इंजिनाची गाडी हवी, असा तात्यांचा फोन आला.

मला बोलावण्याचं कारण एवढंच, की मी बारामतीत बसून मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. सासरकडच्या मंडळींत त्यामुळे मी 'गाड्यांतला माणूस' समजला जातो, आणि असला समज जावयानं आपल्या तोंडानं खोडायचा नसतो.

काम सोपं वाटलं होतं. पण तात्यांना नेमकं काय हवंय हेच मला कळेना. बारामतीच्या एजंटानं एक दांडगी डिझेल जीप दाखवली, गाळातून हत्ती ओढील म्हणाला. तात्यांनी ती चालू करायला लावली, मागच्या सीटवर तळहात टेकवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मुंग्या येत्यात." झालं. जीप नापास.

इंदापूरची गाडी उंच म्हणून आवडली आणि चढायला उंच म्हणून नको झाली. मी व्हिडिओत ऐकलेलं सगळं ज्ञान पणाला लावून समजावलं, की तात्या, गाडी जमिनीपासून उंच घेतली की पायरी उंच होणारच.

"व्हय," तात्या म्हणाले.

"मग?"

"मग फुडची बघू."

आणि तो तांब्या! प्रत्येक ठिकाणी एजंटाच्याच माठातून तो काठोकाठ भरायचा, तात्यांनी मागं बसायचं आणि मी गाडी चालवायची. इंजिन किती पळलंय, कागदपत्रं कशी आहेत, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एजंट पुढच्या भागाचं गुणगान करायला लागला की ते म्हणायचे, "फुडचं सगळेच सांगत्यात. मागं कसं लागतंय ते सांगा." आयुष्यभर ट्रॅक्टर हाकलेला माणूस स्टिअरिंगला हात लावत नव्हता. इंदापूरच्या एजंटानं तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साहेब कुठल्या पक्षाचे?"

एकामागून एक रविवार गेले. आमच्या पांढऱ्या गाडीतून मी दमून घरी आलो की बायको विचारायची, मिळाली का. शेवटी मी वैतागून म्हणालो, "तुझ्या काकांना जीप नको आहे, डोली हवी आहे." ती उठून पाणी आणायला गेली. मला वाटलं, विनोद पोचला नाही.

आभाळ भरून यायला लागलं तसे तात्या सारखे वर बघायला लागले. अशात बावड्यात एका रिटायर मास्तरांकडे एक मिळाली. बारकं पेट्रोल इंजिन, ताडपत्रीचं हूड, आणि मागची बाकडी काढून कुणीतरी तिथं चक्क घरातला फोमचा सोफा कापून बसवलेला. मास्तर प्रामाणिक. ओशाळून म्हणाले, "स्प्रिंगचे पाटे म्हातारे झालेत हो, फार मऊ पडलेत. बदलून देऊ का?"

"बदलू नगा," तात्या घाईनं म्हणाले.

चाकोऱ्यांतून एक चक्कर मारली. तांब्यातलं पाणी जेमतेम काठावरून ओघळलं. तात्यांनी घासाघीस न करता व्यवहार केला. मी म्हणालो, "तात्या, पण ही तर सगळ्यात उंच! चढणार कसं?" ते म्हणाले, "त्याचं बघतो," आणि खिशातून सुतळी काढून मागच्या फळीपासून जमिनीपर्यंत मापली, एक गाठ मारली. मी विचारायचं सोडून दिलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. अंगणाच्या मधोमध सिमेंटचा नवा ओटा. एका बाजूनं बसक्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला सरळ कडा. पायऱ्या चढून माणूस जाणार कुठं, तेच समजेना. तुळशीवृंदावनाचं काम अर्धं राहिलंय का, असं मी विचारलंदेखील.

तात्यांनी जीप चालू करून मागं घेतली. फळी ओट्याला अशी बिलगली की मधून बोट जाणार नाही. मग त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली, "चल गं."

हौसाकाकी भिंतीला धरत बाहेर आल्या. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं मला माहीत होतं. मी फळं घेऊन भेटायलाही गेलो होतो. पण तेव्हापासून त्यांना ट्रॅक्टरवर बसवत नाही, आणि म्हणून गेला सगळा पावसाळा त्या वस्तीवरच अडकून होत्या, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. थोरली बहीण कळसला, अंथरुणाला खिळलेली. फोनवर दोघी रोज बोलायच्या. भेट नव्हती.

काकी तात्यांच्या खांद्याला धरून एकेक पायरी चढल्या आणि घरातल्या घरात खोली बदलावी तशा जीपमध्ये जाऊन सोफ्यावर टेकल्या.

मी शेवटी गाड्यांतला माणूस. विचारलं, "पण कळसला उतरणार कसं?"

"तितंबी बांधलाय वटा. मेव्हणीच्या दारात," तात्या म्हणाले. "ह्याच गाठीवर."

काकींनी पायाशी ठेवलेला भरलेला तांब्या बघितला. "ह्यो कशाला घेतलाय?"

"तान लागली तर," तात्या म्हणाले, आणि या वेळी पुढं जाऊन बसले.

परतताना मी तात्यांचं फार कौतुक केलं. बारामती येईपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती. दारात गाडी लावल्यावर म्हणाली, "ही गाडी घेताना तुम्ही मला फक्त रंग विचारला होता."

मग उतरताना म्हणाली, "मी निळा सांगितला होता."