अण्णांची बंद यादी

आमच्या महादेवपुऱ्याच्या ऑफिसातले गायकवाड अण्णा म्हणतात, जगात माणसं दोनच प्रकारची: जेवलेली आणि न जेवलेली. 'थोडंसं खाल्लंय' असं कुणी म्हटलं, की अण्णा चष्म्यावरून बघतात. "यादीत नाही."

अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं आणि आराध्यदैवत एनम. एनम म्हणजे प्रोग्रॅममधली पक्की यादी, आठवड्याच्या वारांसारखी. प्रोग्रॅममधल्या इतर साच्यांवरून, म्हणजे क्लासवरून, नवा क्लास काढून त्यात भर घालता येते, एनमवरून नाही. आठवा वार बाहेरून कुणी घुसवायचा नाही.

आम्ही हॉस्पिटलांसाठी बनवलेल्या अ‍ॅपवर पेशंटला भेटायचा पास काढताना नातं निवडावं लागे: आईवडील, जोडीदार, मूल, भावंड. हा एनम अण्णांचा. मी पुण्याहून नवी आलेली. हुशारी दाखवायला त्यावरून दुसरा एनम काढून 'शेजारी' जोडायला गेले. प्रोग्रॅम तपासणाऱ्या कम्पायलरनं लाल अक्षरांत नकार दिला, आणि मागून अण्णांनी.

"स्वल्प थांब गं! एनमवरून एनम काढतात का कुणी? पुण्यात हेच शिकवलं?"

"मग मूळ यादीतच घाला ना, अण्णा."

"आज शेजारी, उद्या शेजाऱ्याचा मेव्हणा. जमायचं नाही."

गेल्या महिन्यात भरदुपारी अण्णांचा फोन आला, हेब्बाळच्या हॉस्पिटलातून. अण्णा एकटे राहतात. खालच्या मजल्यावरच्या गौरम्माही एकट्याच. सकाळची कॉफी त्यांच्याकडे, रात्रीची भाजी अण्णांकडून, असा दोघांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या गौरम्मा बाथरूममध्ये पडल्या होत्या. अण्णांनीच त्यांना हॉस्पिटलात आणलं, आणि आता वॉर्डाच्या दारात अण्णांचंच अ‍ॅप अण्णांना पास देईना.

"अहो, 'भावंड' दाबा आणि जा आत! कोण तपासतंय?"

"मी भाऊ नाही की गं तिचा."

"मग कोण आहात?"

मग अगदी बारीक आवाज आला. "ती आतून हाक मारतीय मला. ऐकू येतंय इथं."

एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी डोळेच भरून आले. रिक्षा करून गेले आणि सिस्टरच्या नाकदुऱ्या काढून अण्णांना आत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी केलेला बदल माझ्याकडे तपासायला आला. मूळ यादीतच एक नवं नातं होतं. मी मुद्दाम छेडलं, "'आपलं माणूस'? अण्णा, याची व्याख्या काय? कुणीही दाबेल हे."

"दाबू दे की," अण्णा म्हणाले, आणि डबा उचलून हेब्बाळला निघाले.