दोनशे चौदा अभिनंदने

माणसाने काही नवीन केले की ते कोणाला तरी दाखवल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नाही, आणि बघणाऱ्याने 'वा' म्हटल्याशिवाय केलेली वस्तू पूर्ण होत नाही. ती वस्तू चालते की नाही हा प्रश्न त्यानंतर येतो. पुष्कळदा येतच नाही.

या चिरंतन सत्याच्या पायावर आमचे मंडळ उभे आहे. हे स्वतंत्र प्रोग्रॅमरांचे ऑनलाइन मंडळ. स्वतंत्र म्हणजे ज्यांच्या डोक्यावर साहेब नाही, दारात गिऱ्हाईक नाही आणि 'हे कशाला केलंस?' असे विचारणारे घरच्यांखेरीज कोणी नाही असे. सभासदसंख्या एकतीस हजार. मी या मंडळाचा मानद नियंत्रक आहे. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता चहाचा कप बाजूला ठेवून मी 'नवीन काय केलंत?' हे पान उघडतो, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर ऐंशी-नव्वद नवे प्रकल्प येऊन पडतात. एवढी निर्मिती करणारी दुसरी संस्था माझ्या तरी पाहण्यात नाही.

आकडेच बोलतात. गेल्या वर्षी मंडळात ४,२१२ प्रकल्प जाहीर झाले. त्यांपैकी कामांची यादी ठेवणारे १,९०६. या याद्यांपैकी कोणती वापरावी हे ठरवायला मदत करणारे ६११. पाणी प्यायची आठवण करून देणारे ३८८ (प्रोग्रॅमरला तहान आपोआप लागत नसावी). उरलेले संकीर्ण. कौतुकाच्या प्रतिक्रिया ९७ हजारांच्या घरात. प्रत्यक्ष वापरणारी माणसे नऊ. (हा आकडा किंचित फुगवलेला आहे. त्यातले दोघे चुकून आले होते.)

एवढा मोठा कारभार शिस्तीशिवाय चालत नाही. म्हणून मंडळाचे सात नियम आहेत आणि ते पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेले आहेत. स्वतःचा प्रकल्प मांडण्यापूर्वी इतर तिघांच्या प्रकल्पांचे कौतुक करावे, हा पायाभूत नियम. कौतुकात 'साधं आणि सुटसुटीत' हे शब्द असावेत (प्रकल्प साधा नसला तरी चालेल, कौतुक असावे). आपला प्रकल्प 'सहज, दोन दिवसांच्या सुट्टीत' केला असे म्हणावे. आठ महिने लागले असल्यास ते बायकोला ठाऊक असते, तेवढे पुरे. सूचना करायचीच झाली तर 'यात अमुक असतं तर?' अशी प्रश्नरूपाने करावी. सूचना आली की निर्मात्याने 'नक्की, पुढच्या आवृत्तीत!' असे उत्तर द्यावे आणि शेवटचे उद्गारचिन्ह विसरू नये. आणि या पानावर तक्रार करू नये. तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग आहे, जो स्वच्छ राहावा म्हणून आम्ही बंद ठेवला आहे.

या नियमांमुळे मंडळात आजवर एकही भांडण झालेले नाही. अर्धविरामाचे प्रकरण हा एकमेव अपवाद, आणि त्यातही दोष बाहेरून आलेल्या व्यक्तीचा होता, हे नोंदवून पुढे जातो.

'अर्धविराम' हे आमच्या एका सभासदाचे मंडळातले टोपणनाव. माणूस मेहनती. आधीचे त्याचे चार प्रकल्प आले आणि गेले, कोणी 'वा' सुद्धा म्हटले नाही, त्यामुळे गडी मनातून खचला होता. पाचव्या वेळी मात्र त्याच्या हातून एक विचित्र गोष्ट घडली. त्याने गरज असलेली वस्तू बनवली.

झाले असे की, त्याची आई दुसऱ्या गावी एकटी राहते. तिला रोज सकाळी बीपीची एक गोळी घ्यावी लागते. गोळी ती घेते, पण दहा मिनिटांनी 'घेतली का?' हे तिला आठवत नाही, आणि मग एक तर दुसरी घेतली जाते नाही तर पहिलीच राहून जाते. अर्धविरामाने आईच्या फोनवर एकच पान टाकून दिले. त्यावर मोठ्या अक्षरांत 'घेतली का?' आणि खाली दोन ठळक बटणे, 'घेतली' आणि 'नाही'. 'घेतली' दाबले की मुलाला आणि मुलीला निरोप जाई, आणि आईने दिवसभरात पुन्हा पान उघडले तर तिथे 'आजची घेतलीस, आता नको' असे दिसे. सकाळी दहापर्यंत काहीच दाबले नाही तर मुलाचा फोन वाजे.

हे प्रकरण तीन महिने बिनबोभाट चालले. त्याने ते खरोखरच दोन दिवसांच्या सुट्टीत केले होते, हे तर त्याहून लाजिरवाणे.

एका शनिवारी त्याने ते मंडळात मांडले. आणि काय सांगू, दुपारपर्यंत एकशे चाळीस जणांनी पाठ थोपटली! 'साधं आणि सुटसुटीत' हे शब्द एकशे एकोणचाळीस वेळा आले (एकाने 'सुटसुटीत आणि साधं' लिहिले, त्याला समज दिली). चार प्रकल्पांचा उपाशी माणूस पंगतीत बसल्यासारखा झाला. मग सूचना सुरू झाल्या. यात काळी पार्श्वभूमी असती तर? आलेख असता तर? सलग तीस दिवस गोळी घेणाऱ्याला पदक मिळालं तर? सुरक्षिततेसाठी बारा अक्षरी पासवर्ड असता तर? रोजचा निरोप कटकटीचा होतो, त्याऐवजी आठवड्याचा अहवाल गेला तर? आणि 'आई' हा शब्द जरा घरगुती वाटतो, तिथे 'वापरकर्ता' असं लिहिलं तर?

अर्धविरामाने सर्वांना 'नक्की, पुढच्या आवृत्तीत!' असे उत्तर दिले आणि, हेच त्याचे चुकले, ते खरे केले. चांगले चालणारे जुने पान बंद करून त्याने नवी आवृत्ती काढली, मंडळात तिची लिंक दिली आणि तीच आईलाही पाठवली.

आता इथे एक तांत्रिक बाब समजावून सांगणे भाग आहे. प्रोग्रॅमर मंडळी वस्तू बनवत असताना ती आधी स्वतःच्या संगणकावर चालवून बघतात. त्या वेळी तिचा जो पत्ता असतो त्याचा अर्थ 'या इथल्याच संगणकावर' एवढाच असतो. अर्धविरामाने घाईत नेमका तोच पत्ता सगळीकडे वाटला. म्हणजे कोणी घर कुठे विचारावे आणि आपण 'आमच्या घरी' असे सांगावे, तसे. तो स्वतः लिंक उघडे तेव्हा सगळे झकास चाले, कारण घर त्याचेच होते. बाकी जगातल्या कोणालाही कोरे पान दिसणार होते.

ही नवी आवृत्ती अकरा दिवस मंडळात होती. या अकरा दिवसांत तिला दोनशे चौदा अभिनंदने मिळाली. 'किती वेगवान आहे!' असे एकसष्ट जणांनी लिहिले. 'नजरेला त्रास होत नाही' असे बावीस जणांनी. एका ज्येष्ठ सभासदाने 'रिकाम्या जागेचा इतका धाडसी वापर मी प्रथमच पाहतो' असा अभिप्राय दिला, आणि सर्वांत तो एकटाच सत्याच्या थोडा जवळ होता. मी स्वतः नियंत्रक या नात्याने या प्रकल्पाला 'महिन्याचा मानाचा प्रकल्प' म्हणून निवडले. निवडीचे निकष गोपनीय असतात.

जिने लिंक उघडली अशी एकच व्यक्ती होती. आई.

पुढचा मायलेकांचा संवाद आईच्या मुलीने, म्हणजे अर्धविरामाच्या थोरल्या बहिणीने, नंतर आमच्याकडे जसाच्या तसा लिहून पाठवला. ताई आईपासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि त्यांचे शिवणाचे दुकान आहे.

"अरे, पांढरं पान येतंय रे."

"आई, नेट स्लो असेल. थोडा वेळ थांब, येईल."

"थांबले की. परवापासून थांबतेय."

"आई, दोनशे माणसांनी उघडलंय ते. सगळे म्हणतात मस्त चालतंय. फक्त तुझ्याकडेच कसं उघडत नाही?"

"बरं बरं. मग माझंच काहीतरी चुकत असेल."

अर्धविरामाला शंका येण्याचे काही कारणही नव्हते. त्याच्याकडे आठवड्याचा अहवाल आला होता आणि त्यात आईची गोळी रोज वेळच्या वेळी घेतलेली दिसत होती. हिरवा आलेख, एकही खाडा नाही. (वस्तू तपासताना त्याने आईच्या नावाने रोजचे 'घेतली' स्वतःच भरून ठेवले होते. आलेख अतिशय देखणा आला होता.)

अकराव्या दिवशी आई स्वयंपाकघरात सिंकपाशी चक्कर येऊन पडली. मनगट मोडले. ताईंनी उशाजवळच्या पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. अकरा दिवसांत सोळा गोळ्या गेल्या होत्या. पान उघडायची वाट बघता बघता आई विसरून जाई, आणि विसरली की घेऊन टाकी. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

त्याच दिवशी ताई मंडळाच्या सभासद झाल्या आणि त्यांनी वरचे सगळे लिहून शेवटी विचारले, "तुमच्यापैकी दोनशे चौदा जणांनी हे उघडलं होतं ना? मग कोणालाच कसं दिसलं नाही?"

मंडळाने या नव्या सभासदाचे मनापासून स्वागत केले. पहिल्या तासात प्रतिक्रिया आल्या त्या अशा: 'सुंदर मांडणी, अभिनंदन!' 'साधं आणि सुटसुटीत.' 'यात आलेख असता तर?' ताईंनी यांपैकी एकालाही 'नक्की, पुढच्या आवृत्तीत!' असे उत्तर दिले नाही, तेव्हाच मला त्यांच्या वृत्तीची कल्पना आली.

मी त्यांना रीतसर नोटीस धाडली. 'महोदया, आपण तिघांचे कौतुक न करता मजकूर टाकला आहे, तसेच तक्रार केली आहे. यांपैकी पहिल्या त्रुटीची पूर्तता करावी.' ताई सरळ बाई. त्यांनी मशीनवरचे काम बाजूला सारून खरोखरच तीन प्रकल्प उघडायला घेतले. एक उघडलाच नाही. दुसऱ्याने बारा अक्षरी पासवर्ड मागितला आणि दिल्यावर तेरावे अक्षर मागितले. तिसऱ्याने पाणी प्यायची आठवण केली आणि बंदच होईना. हे तिन्ही त्यांनी ज्याच्या त्याच्या खाली तसेच लिहिले आणि वर एक ओळ टाकली, "मी साधं ब्लाऊज देतानाही गिऱ्हाइकाला आधी घालून बघायला सांगते."

मंडळात हाहाकार उडाला. एकाने आठ महिन्यांचे मनोधैर्य खचल्याचे कळवले. दुसऱ्याने ही असहिष्णुता असल्याचे म्हटले. मी सर्वांच्या भावनांची दखल घेऊन ताईंचे सभासदत्व रद्द केले. अर्धविरामाने त्या दिवशी फक्त एक ओळ लिहिली, "आईने मला सांगितलं होतं." त्यावर तीनशे चाळीस जणांनी बदाम टाकले आणि 'किती प्रामाणिक!' म्हणून त्याचे कौतुक केले. त्यानंतर तो मंडळात दिसलेला नाही. मला वाईट वाटले. वाईट वाटायला नियमांत मनाई नाही.

आईचे आता बरे आहे असे कळते. ताईंनी पाकिटावर प्रत्येक गोळीच्या मागे पेनाने वार लिहून दिला आहे. सोमवारची गोळी जागेवर नसेल तर सोमवारची घेतली. काळी पार्श्वभूमी नाही, आलेख नाही. अर्धविराम दर रविवारी येऊन पुढच्या पाकिटावर वार लिहून जातो.

जाता जाता ताईंनी मला एक खासगी निरोप पाठवला होता. त्यात ना शिवी होती ना शाप. नुसता प्रश्न होता, "तुमचे नियम सात आहेत म्हणता. मी दोनदा मोजले, लिहिलेत सहाच. सातवा कुठाय?"

मी जुनी कागदपत्रे काढून पाहिली. सातवा नियम होता, 'कौतुक करण्यापूर्वी वस्तू एकदा उघडून पाहावी.' त्याने कामाचा वेग मंदावतो म्हणून पहिल्याच महिन्यात तो काढून टाकला होता. वरचा 'सात' तसाच राहिला, कारण सहा वर्षांत एकतीस हजार जणांपैकी कोणीही मोजले नव्हते.

आता तुमच्याविषयी. हे नियम मी तुम्हालाही वर सांगितले. सात म्हणालो आणि सहाच सांगितले. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढे आलात. दोनशे चौदा जणांना हसलात, हेही मी पाहिले. वर जाऊन मोजायची तसदी घेऊ नका, आपल्यात ती पद्धत नाही. तुमचा सभासदत्वाचा अर्ज मंजूर झाला आहे. अभिनंदन.